पानं खाल्ली गेली पाहिजेत: लॉनच्या जागी स्थानिक झाडं लावताना

काहीही उपटण्याआधी एक काम करा. ऊन चांगलं वर आलं की वही घेऊन लॉनच्या कडेला अर्धा तास बसा. किती प्रकारचे किडे, माश्या, फुलपाखरं, पक्षी येतात आणि त्यातलं कोण तिथे काही खातं, ते तारीख घालून लिहून ठेवा. बहुतेक लॉनच्या बाबतीत हे पान जवळजवळ कोरंच राहतं. मुंग्यांची एक रांग जाते, एखादा पक्षी उतरून दोन उड्या मारतो आणि निघून जातो. हे पान फाडू नका. पुढे ते लागणार आहे.

लॉन हिरवं दिसतं म्हणून आपण त्याला निसर्ग समजतो. खरं तर ते गालिच्याच्या जास्त जवळचं आहे. १८३० साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापड गिरणीत कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहून त्याला ते सुचलं, असं सांगतात. तोवर हिरवळ सारखी ठेवायला विळे चालवणारी माणसं नाहीतर मेंढ्या लागत, म्हणजे ती श्रीमंतांचीच चैन होती. यंत्र आलं आणि ती सगळ्यांची झाली. २००५ साली उपग्रह-चित्रांच्या मदतीने केलेल्या एका अभ्यासात एकट्या अमेरिकेतल्या लॉनचं क्षेत्र सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर निघालं. तिथलं लॉनचं एक फार लोकप्रिय गवत म्हणजे केंटकी ब्लूग्रास, आणि तेही केंटकीचं नाही, मूळचं युरोप-आशियातलं.

आता मुद्द्याकडे येऊ. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात चीक, कडवटपणा, उग्र वास भरून ठेवतं. एखाद्या कुळातल्या झाडांचं हे विष पचवायला किड्यांच्या एखाद्या जातीला हजारो पिढ्या लागतात, आणि एकदा ते जमलं की ती जात त्याच झाडांना बांधली जाते. रुईच्या पानावर प्लेन टायगर फुलपाखराची अळी वाढते. कढीपत्ता आणि लिंबू यांच्यावर कॉमन मॉरमॉन अंडी घालतं. उत्तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांना रुईच्याच कुळातल्या मिल्कवीडखेरीज दुसरं काही चालत नाही. दुसऱ्या खंडातून आणलेलं झाड इथल्या बहुतेक अळ्यांच्या लेखी प्लास्टिकचं असतं. अळ्या नाहीत म्हणजे पिल्लांना भरवायला काही नाही. अमेरिकेतल्या चिकडी या मुठीएवढ्या पक्ष्याच्या जोडीला एका वेळची पिल्लं वाढवायला ६ ते ९ हजार अळ्या लागतात. डेलावेअर विद्यापीठाचे डग्लस टॅलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन शहराच्या आसपासच्या घरांच्या बागा तपासल्या. बागेतल्या एकूण झाडोऱ्यात स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला की तिथे चिकडीची संख्या टिकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी २०१८ साली मांडला.

म्हणून या सगळ्या खटाटोपाची परीक्षा फुलं किती आली यावर होत नाही. पानं कुरतडली गेली का, हे बघायचं.

स्थानिक म्हणजे नेमकं कुठलं?

इथेच बहुतेकांची फसगत होते. नर्सरीतला माणूस ‘देशी आहे’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘कलमी नाही’ किंवा ‘आजोबांच्या काळापासून आहे’ इतकाच असू शकतो. घाणेरीचंच बघा. ती दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आली, आणि आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाच्या रानांत अशी माजली की लोकांना ती तिथलीच वाटते. तिच्या फुलांवर फुलपाखरं तुटून पडतात, त्यामुळे तिला फुलपाखरांचं झाड म्हणून शिफारसही मिळते. पण मध प्यायला येणं वेगळं आणि अंडी घालायला येणं वेगळं. नुसतं मधाचं झाड म्हणजे चहाची टपरी; तिच्यावर संसार उभा राहत नाही.

देशाची सीमा हाही चांगला निकष नाही. एकाच देशात वाळवंट असतं, बर्फ असतं आणि दलदलही. तुमच्याइतकाच पाऊस, तुमच्यासारखी माती आणि तुमच्याइतकीच उंची असलेल्या आसपासच्या भागात माणसाने न लावता उगवणारं झाड, ते स्थानिक. शोधायला तीन वाटा आहेत. लंडनच्या क्यू उद्यानाचं ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ प्रत्येक वनस्पतीचा मूळ प्रदेश आणि माणसाने नेलेला प्रदेश नकाशावर वेगळ्या रंगांत दाखवतं. ते देश-राज्य या पातळीवर थांबतं, म्हणून त्याच्या जोडीला ‘आयनॅचरलिस्ट’ हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ वापरा आणि जवळच्या टेकडीवर, ओढ्याकाठी लोकांनी काय काय नोंदवलंय ते बघा. तिसरी वाट सगळ्यात भरवशाची: तिथे स्वतः चालत जा. चारही ऋतूंत जा. जवळचं जुनं देवस्थान, पडीक माळ, रेल्वेच्या कडेचा पट्टा, जिथे फारसं कुणी ढवळाढवळ करत नाही तिथली झाडं टिपून घ्या.

जवळचा नातेवाईक लावला तर चालेल, ही समजूतही महागात पडते. मोनार्कसाठी म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत लोकांनी उष्ण प्रदेशातलं मिल्कवीड लावलं, जे आपण हळदीकुंकू नावाने ओळखतो. थंडीत स्थानिक मिल्कवीड वाळून जातं, हे मात्र हिरवंच राहतं. त्यामुळे काही फुलपाखरं स्थलांतर सोडून तिथेच रेंगाळू लागली आणि त्याच त्या पानांवर साचत गेलेल्या परजीवीची लागण त्यांच्यात वाढली. कूळ बरोबर होतं, तरी झाड चुकलं.

जागा वाचून घ्या

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठे कुठे पडतं ते कागदावर रेखाटा. सहा तासांपेक्षा जास्त ऊन म्हणजे उन्हाची जागा, तीन ते सहा म्हणजे अर्धी सावली, त्याखाली सावली. सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते, तेव्हा सहा महिन्यांनी हे पुन्हा करा.

निचऱ्यासाठी एक फूट खोल आणि तितकाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला एक इंचाहूनही कमी पाणी उतरत असेल तर निचरा वाईट आहे, तिथे ओलसर जागेची झाडं लावा. भराभर उतरलं तर कोरड्या माळावरची. माती सुधारत बसू नका. लॉनसाठी आपण जमिनीला वर्षानुवर्षं खत पाजलेलं असतं आणि रानातल्या बऱ्याच झाडांना त्याची सवय नसते. खतावलेल्या मातीत ती उंच, लेचीपेची वाढून आडवी पडतात आणि तणाचं फावतं. कंपोस्टची पोती आणली असतील तर ती भाजीच्या वाफ्यात टाका.

खणण्याआधी पाण्याची, गॅसची, विजेची लाइन कुठून जाते याची खात्री करून घ्या. जुन्या झाडाच्या घेराखाली टिकाव चालवू नका. त्याची अन्न घेणारी मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात.

आणि सगळं लॉन एकदम काढू नका. पहिल्या वर्षी दहा चौरस मीटर पुष्कळ झालं. जिथे गवत तसंही नीट येत नाही तो झाडाखालचा, भिंतीकडेचा किंवा उताराचा तुकडा आधी घ्या. मुलं खेळतात, माणसं बसतात तेवढी हिरवळ राहू द्या, तिच्याशी भांडण नाही.

लॉन मारायचं कसं

या पायरीवर जितका वेळ द्याल तितका पुढे वाचेल. मी पहिल्यांदा घाई केली. एका रविवारी कुदळ घेऊन सगळं खणलं, गवत झटकून काढलं, संध्याकाळी रोपंही लावली. महिन्याभरात लव्हाळा असा तरारून वर आला की माझी रोपं शोधावी लागली. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. टोकाची गाठ वाढत असते, बाकीच्या झोपलेल्या असतात. कुदळीने माळ तोडली की झोपलेली प्रत्येक गाठ जागी होते. मी तण काढलं नव्हतं, पेरलं होतं.

म्हणून आधी लॉनमध्ये काय आहे ते ओळखा आणि मग पद्धत निवडा.

*पुठ्ठ्याचं आच्छादन.* साधं, झुबक्याने वाढणारं गवत असेल तर हा सगळ्यात सोपा मार्ग. गवत अगदी बुडापर्यंत कापा, कापलेलं तिथेच राहू द्या, भरपूर पाणी द्या. त्यावर साधे तपकिरी पुठ्ठे अंथरा. चिकटपट्ट्या, पिना काढा. चकचकीत छपाईचे पुठ्ठे नकोत. दोन पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढले पाहिजेत, कारण गवताला बोटभर फट पुरते. पुठ्ठा भिजवा आणि वर चार ते सहा इंच पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा पसरा. दोन ते सहा महिन्यांत खालचं गवत कुजून जातं. रोपं लावायची तर भोकं पाडून आधीही लावता येतात. मात्र बी पेरायचं असेल तर ही पद्धत चालत नाही, बियांना उघडी माती लागते. झाडाच्या खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा. वाळवीचा त्रास असलेल्या भागात पुठ्ठा घराच्या पायाला भिडवू नका.

*उन्हाने भाजणं.* वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाचे सहा ते आठ आठवडे यासाठी राखून ठेवा. गवत कापा, माती ओली करा आणि पारदर्शक पातळ प्लास्टिक जमिनीला घट्ट चिकटून बसेल असं ताणून कडा वीतभर खोल पुरा. काळं नको, पारदर्शक. ऊन आत शिरून अडकलं पाहिजे. वरच्या दोन-तीन इंचातली माती ४५-५० अंशांपर्यंत तापते आणि तणाचं बरंचसं बी मरतं. त्याबरोबर वरच्या थरातले उपयोगी जीवही मरतात, म्हणून ही पद्धत मोठ्या उघड्या जागेला आणि बी पेरायच्या बेतालाच वापरावी. सावलीत ती निरुपयोगी आहे. काम झालं की प्लास्टिक फाटून तुकडे होण्याआधी उचला.

*कातून काढणं.* चपट्या फावड्याने गवत मुळांसकट दोन इंच जाडीच्या चकत्यांत सोलून काढायचं. कष्ट आहेत, पण त्याच दिवशी जागा मोकळी होते आणि वरच्या थरातलं तणाचं बीही जातं. चकत्या उलट्या रचून ठेवल्या की वर्षभरात उत्तम माती मिळते.

आता हरळी आणि लव्हाळा. पूजेला दूर्वा म्हणून जोडतो तीच हरळी जगभर बर्म्युडा ग्रास नावाने लॉन म्हणून लावतात, आणि तिला संपवणं म्हणजे कस लागतो. पुठ्ठ्याखालून ती दोन-दोन हात सरपटत जाऊन कडेला डोकं काढते. लव्हाळ्याचा टोकदार कोंब तर प्लास्टिकसुद्धा भोसकतो. दोघांची दुखरी नस एकच, सावली. हरळीसाठी आधी उन्हात भाजा, मग खुरप्याने तिच्या दोऱ्या हाताने ओढून काढा, आणि जागेभोवती वीतभर खोल चर काढून तो सतत मोकळा ठेवा. लव्हाळा खणायचाच नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी कोंब कापत राहायचं, म्हणजे गाठींमधला साठा आटतो. आणि अशा जागेत पहिल्या वर्षी नाजूक फुलझाडांऐवजी दाट पानांची झुडपं लावायची. सावली पडली की दोघंही आपोआप मागे सरतात. यात एक पूर्ण हंगाम जाईल. जाऊ द्या.

तणनाशकाचं काय, असं विचारणारे असतातच. शंभर एकर माळ पूर्ववत करणाऱ्यांची गरज वेगळी. घराच्या दहा चौरस मीटरला मला त्याची गरज कधी वाटली नाही.

काय निवडायचं

आधी यजमान झाडं, म्हणजे ज्यांच्यावर अळ्या वाढतात ती, आणि मग फुलांची. जागा असेल तर एक झाड किंवा मोठं झुडूप हवंच. एका मोठ्या झाडावर अख्ख्या वाफ्यापेक्षा जास्त जीव पोसले जातात. त्याखाली झुडपं, त्यांच्या पायाशी फुलझाडं आणि मधली सगळी जागा भरायला स्थानिक गवतं. गवतं लोक विसरतात. लॉन काढून पुन्हा गवत कशाला, हा प्रश्न रास्त आहे, पण झुबक्याने वाढणारं, फुलोऱ्यावर येणारं रानगवत ही वेगळी चीज आहे. ब्राउन आणि स्किपर गटातल्या कितीतरी फुलपाखरांच्या अळ्या गवतावरच वाढतात, दाणे पक्षी खातात आणि दाट मुळांमुळे तणाला जागा उरत नाही. लावलेल्यातली निम्मी रोपं गवताची असली तरी बिघडत नाही.

फुलांचं कॅलेंडर मांडा. प्रत्येक ऋतूत निदान तीन जाती फुललेल्या असाव्यात. सगळी बाग एका महिन्यात फुलून नंतर दहा महिने बंद राहिली तर मधमाश्यांनी खायचं काय? भरगच्च, दुहेरी पाकळ्यांची वाणं टाळा; पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे त्यांत पराग जवळजवळ नसतो.

रोपं घेताना मोठ्या कुंडीतल्या डौलदार झाडाच्या मोहात पडू नका. लहान पिशवीतलं रोप लवकर रुजतं आणि दोन वर्षांत त्याला गाठतं. पिशवी उचलून खाली मुळांचा वेटोळा दिसला तर सोडून द्या. रोपावर कोणतं कीटकनाशक मारलंय हे विचाराच. निओनिकोटिनॉइड गटातली औषधं मुळांतून चढून पानात, परागात, मधात पोचतात. त्यातल्या तिघांचा उघड्यावरचा वापर युरोपीय संघाने २०१८ साली मधमाश्यांच्या कारणाने बंद केला. फुलपाखरांसाठी घेतलेलंच रोप अळीला मारणारं निघालं तर काय उपयोग? अळीने कुरतडलेलं पान असलेलं रोप दिसलं तर तेच घ्या. नर्सरीवाला सवलतही देईल.

रानातून रोप उपटून आणायचं नाही. बी गोळा करायचं तर कायद्याची मनाई नाही हे पाहून, आणि दहातल्या एका शेंगेपेक्षा जास्त नाही.

लावणी

पावसाळी प्रदेशात पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेल्यावर, कडक हिवाळ्याच्या प्रदेशात पानगळीच्या सुरुवातीला. हिशोब एकच: वर ताण कमी आणि खाली ओल असताना मुळांना वेळ मिळाला पाहिजे.

फुलझाडं आणि गवतं साधारण ४० सेंटीमीटरवर लावा. म्हणजे दहा चौरस मीटरला साठेक रोपं लागतात. आकडा ऐकून दचकायला होतं, पण विरळ लावलं की मधली जागा तणच घेतं. झुडपांना मीटर-दीड मीटर. एका जातीची तीन-पाच रोपं एकत्र लावा. एकेकटं फूल मधमाशीला सापडायला कठीण, घोस लांबूनही दिसतो.

खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद, पण खोल मात्र पिशवीइतकाच. खोडाचा बुंधा मातीच्या पातळीला हवा, खाली गाडला तर कुजतो. खड्ड्यात खत नाही. माती दाबा, भरपूर पाणी द्या, भोवती दोन इंच पालापाचोळा, बुंध्याला न चिकटता.

बी पेरत असाल तर एक भाग बी चार भाग वाळूत मिसळा, म्हणजे सारखं पडतं आणि कुठे टाकलं तेही दिसतं. बारीक बी पुरायचं नाही, पायाने दाबायचं. शेंगावर्गातलं टणक बी गरम पाण्यात रात्रभर भिजवा. थंड प्रदेशातल्या कित्येक बियांना एक ते तीन महिने ओल्या थंडीत काढल्याशिवाय रुजायचं कळत नाही, त्या हिवाळ्याआधीच पेराव्यात.

जमिनीचा एखादा उन्हातला, हातभर तुकडा उघडा ठेवा, आच्छादनाशिवाय. मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती पोळं बांधत नाहीत, जमिनीत बीळ करून एकट्या राहतात. सगळीकडे पालापाचोळा पसरला तर त्यांनी दार कुठे उघडायचं?

पुढची तीन वर्षं

पहिल्या वर्षी काहीच घडत नाहीये असं वाटेल, कारण सगळं खाली घडत असतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पाणी, मग आठवड्याला एकदा पण खोलवर. रोजचा शिडकावा मुळांना वरच थांबवतो. वर्ष झालं की पाणी जवळजवळ बंद. पेरलेल्या जागेत तण उपटू नका, शेजारचं कोवळं रोप मुळासकट येतं. वीतभर उंचीवर कापत राहा, म्हणजे ते बीवर येत नाही.

दुसऱ्या वर्षी झाडं पसरतात आणि अळ्या येतात. आता ती वही काढा, त्याच महिन्यात, त्याच वेळी, तितकाच वेळ बसा. एखाद्या रोपाच्या नुसत्या काड्या उरल्या तर फवारणीचा पंप शोधायला जाऊ नका. रुजलेलं झाड पुन्हा फुटतं. अळ्यांमागोमाग पक्षी, गांधीलमाश्या, कोळी येतात, पण त्यांना यायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ देणं हेच दुसऱ्या वर्षातलं सगळ्यात अवघड काम.

वाळलेले दांडे आणि बोंडं लगेच छाटू नका. दाणे पक्ष्यांना, पोकळ दांडे एकट्या मधमाश्यांना. नवी फूट यायच्या वेळी ते फूट-दीड फुटावर कापा, खालचे खुंट राहू द्या. गळलेली पानं झाडून जाळू नका, कितीतरी कोष त्यांत असतात. उथळ पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी ते ओता. डासाच्या अळीला मोठं व्हायला त्याहून जास्त दिवस लागतात. बागेतला रात्रभर जळणारा पांढरा दिवा बंद करा, नाहीतर पतंग त्याच्याभोवतीच फिरून मरतील.

साप येतील का? दाट झाडोरा दाराशी, पायवाटेला लागून ठेवू नका, वाट रुंद आणि स्वच्छ ठेवा, उंदरांना खाद्य मिळू देऊ नका. वाफ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून बघायची सवय लावा. एवढं सगळ्यांनीच करावं, लॉनवाल्यांनीही.

शेजारी काय म्हणतील

म्हणतील, की यांनी बाग सोडून दिली. यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. अमेरिकेतल्या भूदृश्य-अभ्यासक जोन नॅसॉवर यांनी १९९५ साली दाखवून दिलं की अस्ताव्यस्त निसर्गही लोकांना पटतो, फक्त त्याला कुणीतरी जपतंय याची खूण दिसायला हवी. कडेला दोन फुटांचा कापलेला गवताचा पट्टा किंवा दगडांची ओळ, मधून जाणारी वाट, एक बाक, झाडांच्या नावाच्या पाट्या. उंच झाडं मागे, बुटकी पुढे. तीच झाडं, पण चौकट मिळाली की रानाची बाग होते.

सोसायटीचे किंवा नगरपालिकेचे गवताच्या उंचीचे नियम असतील तर कामाला हात घालण्याआधीच वाचा आणि कमिटीपुढे कागदावर आराखडा ठेवा. नियम बदलतातही: अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका जोडप्याच्या अशाच बागेवरून वाद झाला आणि २०२१ साली घरमालक संघटनांना अशा बागांवर सरसकट बंदी घालता येणार नाही असा कायदा आला. त्याच वर्षी नेवाडाने लास व्हेगस परिसरातल्या रस्त्याकडेच्या, नुसत्या शोभेच्या लॉनला कोलोरॅडो नदीचं पाणी देणं २०२६ च्या अखेरीनंतर बंद करायचं ठरवलं. घरांची अंगणं त्यातून वगळली.

तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे बी जास्त होईल. बोंडं पूर्ण वाळली की कोरड्या दिवशी काढा, आठवडाभर सावलीत पसरा आणि कागदी पाकिटात भरा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर झाडाचं नाव, तारीख आणि मूळ बी कुठल्या टेकडीवरचं ते लिहा. सगळ्यात जास्त कुरकुर करणाऱ्या शेजाऱ्याला पहिलं पाकीट द्या, आणि सोबत अळी बसलेलं एक पानही दाखवून या.